शेवटच्या सायकलीच्या मागे

भाविकाच्या डोक्यात किडा शिरला तो एका बाकामुळे. नाशिकला ती ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची, तिथून जरा आडबाजूला, एका रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून सिमेंटचा बाक होता. एका दुपारी काम लवकर आटोपलं, तर सरळ घरी जायच्याऐवजी ती त्या बाकावर जाऊन बसली. तिखटमीठ लावलेला पेरू खाल्ला, कुंड्यांना पाणी घालणारा माणूस बघत राहिली, बाकी काही नाही. उठून घरी आली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर नवरा, नवीन, भाजी वाढून घेता घेता म्हणाला, "त्या बाकावर ऊन लागलं नाही ना गं?" तिला आधी कळेचना, कुठला बाक. मग त्याने सहज आपला फोन पुढे केला. नकाशावर तिच्या दिवसभराच्या फिरण्याची निळी रेघ होती, आणि रोपवाटिकेपाशी त्या रेघेचा गुंता होऊन बसला होता. सासरे दवाखान्यात होते तेव्हा धावपळीला सोयीचं म्हणून दोघांनी फोन एकमेकांना जोडले होते. सासरे ठणठणीत बरे होऊन गावी गेले, फोन जोडलेलेच राहिले. ती ते विसरून गेली होती. तो मात्र दिवसातून अधूनमधून तिचा ठिपका बघायचा. खिशात किल्ली आहे ना, हे माणूस चाचपून बघतो तसा. त्यात संशयाचा लवलेश नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तीच तर पंचाईत होती. भांडायचं म्हटलं तर हाताला काही लागत नव्हतं. "लागलं थोडं," ती म्हणाली, आणि भात कालवत बसली.

त्यानंतर तिला एक खुळंच लागलं. आपण कुठे आहोत हे जगात कोणालाही माहीत नव्हतं असा एक तरी तास आपल्या आयुष्यात आहे का, ते ती आठवू लागली. भाजी चिरताना, लिफ्टची वाट बघताना, नकाशावर जिना काढताना एकीकडे हा शोध चालूच. लहानपण धुळ्यातलं, आई दारात उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत नजर लावायची, आणि तिची नजर जिथे संपायची तिथून थोरल्या भावाची सुरू व्हायची. कॉलेजात हॉस्टेलच्या बाई. मग नवीन. नवीन निदान पूर्वी फोन करून विचारायचा तरी, "कुठं आहेस?" आणि ती सांगायची, बाजारात आहे, मेथी काय सुंदर आलीय, इथे दोन बायका जुंपल्यात बघ. फोन जोडल्यापासून तो प्रश्नच बंद झाला होता. आता तो थेट विचारायचा, "मेथी घेतलीस का?" हे कधी बदललं ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. खूप खोदल्यावर तिला मावशीच्या घरची कापसाची खोली आठवली. पारोळ्याकडचं खेडं, लपाछपीचा डाव, आणि आढ्यापर्यंत भरलेला कापूस. ती त्यात गळ्यापर्यंत शिरली होती. आत उबारा होता, सरकीचा तेलकट वास होता, आणि छाती धडधडत होती, की आता आपण कोणालाच, कोणालाच माहीत नाही. तेवढ्यात बाहेरून मावशीचा शांत आवाज आला होता, "ऱ्हाऊ द्या तिले कापूसमा. नाक उघडं शे तिनं, मी देखेल शे." म्हणजे तोही तास गेला. तिला याचं फार दुःख झालं असं नाही. सगळे तिच्या मायेचेच होते. तिला फक्त बघायचं होतं. कोणालाच माहीत नसतं तेव्हा माणसाचं काय होतं? चालणं बदलतं का? आतून कोणी वेगळीच भाविका बाहेर येते का, की मागे नुसतीच मोकळी जागा उरते? या वयात असल्या गोष्टीचं कुतूहल वाटावं याची तिला थोडी लाजही वाटली, पण कुतूहल काही हटेना.

म्हणून ती या सायकल सफरीला आली. तसं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. व्यायाम, मोकळी हवा, माहेरचा मुलूख, असली कारणं पुढे केली होती, आणि नवीनने आनंदाने स्वतः जाऊन तिच्यासाठी हेल्मेट आणलं होतं. मुक्ताईनगरपासून नरडाण्यापर्यंत खानदेश आडवा कापायचा, रोज एक मुक्काम, आणि आडरस्त्यांनी शेताशेतातून जायचं. आली तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं की आपण आगीतून फुफाट्यात पडलोय. तेजस नावाचा जळगावचा तरतरीत पोरगा सगळ्याचा म्होरक्या होता, आणि कोण कुठे आहे हे प्रत्येक क्षणी माहीत असणं हा त्याच्या धंद्याचा पायाच होता. पहाटे एक जीप पुढे जाऊन प्रत्येक वळणावर रस्त्यावर फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, बाण काढत असे. त्या बाणाच्या शेपटाशी एक गोल, चाकाच्या खुणेचा. सामानाची गाडी हायवेने सरळ पुढच्या मुक्कामाला जायची, दुसरी गाडी मागून पाणी, केळी आणि पंक्चरचं सामान घेऊन रमतगमत यायची. आणि सगळ्यांच्या मागे गनीभाई.

गनीभाई धुळ्याचे. पत्र्याच्या पेट्या बनवायचं त्यांचं दुकान होतं. आता मुलगे बघत होते आणि गनीभाई हौसेने अशा सफरींना शेपूट म्हणून जात. शेपूट म्हणजे सगळ्यात मागे चालणारा. त्याचा नियम एकच. शेवटच्या सायकलीच्या पुढे तो जात नाही. ती थांबली की तो थांबणार, ती चिंचा पाडायला लागली तर तो सावली शोधणार. भाविका पहिल्या दिवशीच सगळ्यांत मागे पडली, त्यामुळे मुक्ताईनगरपासून जळगावपर्यंत आणि जळगावपासून भडगावपर्यंत गनीभाईंच्या साखळीची किरकिर तिच्या मानेवर बसलेली होती. माणूस सभ्य. बोलत नाही, घाई करत नाही. पण आपण नाक खाजवलं तरी ते कोणाला तरी दिसतंय, ही भावना काही पाठ सोडत नव्हती. दोनदा तिने मुद्दाम वेग वाढवून बघितला. किरकिरही तेवढीच वाढली.

तिसऱ्या दिवशी, भडगाव सोडायच्या आधी, तेजसने रोजचा पाढा म्हटला. पाणी पीत राहा, गोलवाले बाण बघा, फोन जवळ ठेवा. भाविकाने मान डोलावली आणि फोन कपड्यांच्या बॅगेत, टॉवेलच्या घडीत सरकवला. बॅग सामानाच्या गाडीत चढली आणि गाडी धुळ्याच्या दिशेने निघून गेली. आता नवीनच्या फोनवर आपला ठिपका कसा भरधाव धुळ्याला निघाला असेल, याचं तिला हसू आलं. तो कौतुकाने ऑफिसात कोणाला तरी दाखवेल, बघा, आमच्या सौभाग्यवतींचा वेग. मग तिला अपराधी वाटलं, आणि त्या अपराधीपणातही थोडी गंमत होती हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. गिरणेचा पूल ओलांडला. नदीकाठची केळी मागे पडली, मग हरभरा, मका, आणि बोंडं वेचून झालेल्या कपाशीची उभी काटकं. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ अजून उघडत होतं, एक म्हातारा शेळीच्या पिल्लाला काखेत मारून उलट दिशेने चालला होता. तिला प्रत्येक गोष्टीकडे वळून वळून बघावंसं वाटत होतं. मागे किरकिर होतीच.

आणि मग ती किरकिर थांबली. पुढच्या घोळक्यातल्या एका काकांचं टायर बाभळीच्या काट्याने चांगलंच फाटलं होतं. ते रस्त्याच्या कडेला हताश बसलेले. भाविका त्यांच्या पुढे निघून गेली, आणि त्या क्षणापासून शेवटची सायकल काकांची झाली. नियमाप्रमाणे गनीभाई तिथेच उतरले. भाविकाने मागे बघितलं. ते चाक काढायला वाकले होते. ती पुढे गेली. रस्ता वळला. पुढच्या सायकली कधीच दिसेनाशा झाल्या होत्या, मागच्या आता झाल्या. तिच्या मानेवरून काहीतरी उचलल्यासारखं झालं आणि मान एकदम थंड पडली.

फाट्यावर फक्कीचा बाण होता, डावीकडे जाणारा. तिने बघितला आणि वळली, चाकं भुकटीवरून गेली, गाडीवाट सुरू झाली. विचार वगैरे काही केला नाही. बरंच अंतर गेल्यावर दुसरा बाण आला, आणि तेव्हा तिला दिसलं, की याच्या शेपटाला गोल नाही. बाण फोफसा, घाईत काढलेला, आणि बाजूला एक काटकी रोवून तिला लाल चिंधी बांधलेली. हा आपला बाण नव्हे. हा कोणीतरी दुसऱ्याच कोणासाठी काढलेला बाण. ती पाय टेकून उभी राहिली. दोन्हीकडे लिंबाच्या बागा, लांब कुठेतरी पाण्याच्या मोटारीचा ठोका, आणि धूर. आता परत फिरायचं हे उघड होतं. चूक कळल्यावर माणूस परत फिरतो. तिची मान मागे वळली, तिथे कोणी नव्हतं. फोन नव्हता, नवीन नव्हता, आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चुकून वळले होते ते तिथवर, इथून पुढे मात्र मी जातेय, असं तिने मनात अगदी स्पष्ट म्हटलं आणि पायडल मारलं.

बाणांच्या शेवटी भरीत पार्टी होती. खानदेशात हिवाळा आला की माणसं ज्या कारणाने एकमेकांना शेतात बोलावतात ते कारण. निंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळात लांबट हिरवी वांगी काळीठिक्कर पडली होती, आणि चार-पाच गडी ती सोलून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटत होते. बायका एकीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. माणसं पुष्कळ होती आणि फारशी कोणी कोणाला ओळखत नव्हती, हे तिला लगेच कळलं. शेताचे मालक तोताराम आबा. त्यांचा थोरला मुलगा पाचोऱ्याला शाळेत मास्तर, धाकटा धुळ्याच्या कुठल्याशा ऑफिसात, आणि दोघांनी आपापल्या ओळखीची माणसं बोलावली होती. थोरल्याला वाटलं धाकट्याच्या ऑफिसातल्या बाई असतील, धाकट्याला वाटलं दादाच्या शाळेतल्या. सायकलवरून आल्या म्हणून दोघांनाही कौतुकच वाटलं. आबांनी धोतराला हात पुसत तिची सायकल स्वतः घेतली आणि झाडाला टेकवली. "उन्हातून उनी माय. पानी पे आधी," ते म्हणाले. कोणीही तिला नाव विचारलं नाही.

सुनंदाबाईंनी मात्र विचारलं. सुनंदाबाई म्हणजे आबांची घरवाली, अंगाने आडवी, नजरेने तिखट, चुलीपाशी बसून सगळ्या पंगतीवर लक्ष ठेवणारी. भाविका कडेला अवघडून उभी राहिलेली बघून त्या ओरडल्या, "बठ्ठा बसी ग्यात, तू काब्र उभी शे वं? आठे बस, मन्हापा." भाविका त्यांच्याजवळ बसली. पुढ्यात केळीचं पान आलं, त्यावर भरीत, वर तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, पानभर मोठी भाकरी. "तुले तिखट चालस ना?" सुनंदाबाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता वाढलं. मग जरा वाकून, अगदी आतल्या गोटातलं विचारावं तसं म्हणाल्या, "कोनी आंडेर शे तू?"

कोणाची मुलगी. लहानपणी हा प्रश्न ऐकला की भाविका लगेच वडिलांचं नाव, गल्ली, आडनाव सगळं सांगून टाकायची. ते आता जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं, आणि म्हणाली, "आज कोणाचीच नाही, अक्का."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या आता ओरडणार, आबांना हाक मारणार, असं भाविकाला वाटलं. पण त्या नुसत्याच हसल्या, पोट हलेपर्यंत. "असं कसं व्हई?" त्या म्हणाल्या. "बरं, नको सांगू. जेव तू मंग." आणि भरिताचा आणखी एक गोळा तिच्या पानावर पडला.

ती भरपूर जेवली. बोटं चाटली, नाक वाहिलं ते ओढणीला पुसलं. जेवणं झाल्यावर माणसं गप्पांना सैलावली, तशी ती उठून लिंबाच्या बागेत आत, आत गेली आणि एका झाडाखाली पालापाचोळ्यावर पाठ टेकून पडली. हाच तो तास. ती वाट बघू लागली. वरती लिंबं होती, काही पिवळी काही हिरवी, आणि मधल्या फटीतून आभाळाचे तुकडे. मुंग्या होत्या. ती वेगळी भाविका कुठूनही येईना. उलट तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात हे सगळं नवीनला सांगतोय. अरे, आबांनी सायकल अशी धरली जशी काही बैलाची वेसण, आणि ती बाई काय हसली म्हणून सांगू. म्हणजे बघणाऱ्याला फोनची गरजच नाही, तो इथे आत पाट मांडून बसलाय. तिने त्याला बाहेर काढायचं ठरवलं. आईला काढलं, भावाला काढलं, मावशीला कापसासकट काढलं. नवीन सगळ्यात शेवटी गेला, आणि जाताना दुखावल्यासारखा दिसला, तरी गेला. मग थोडा वेळ, किती ते तिला सांगता आलं नसतं, काहीच नव्हतं. जिभेवर मिरचीची धग होती. पाण्याच्या पाटाचा आवाज होता. तिने एक पाय वर केला आणि झाडाच्या खोडाला लावला, उगाच. तोंडाने एक आवाज काढला, लहान मुलं काढतात तसा, ब्रर्र करून, आणि तो कोणीही ऐकला नाही. एवढंच होतं ते. एवढंसंच. पण ते इतकं तिचं होतं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

उन्हं कलली तशी ती उठली, सुनंदाबाईंच्या पाया पडली आणि निघाली. त्यांनी ओंजळभर लिंबं तिच्या पिशवीत कोंबली. फाट्यापर्यंत ती जवळजवळ गात आली. फाट्यावर, बाभळीखाली, आपल्या सायकलीशेजारी गनीभाई बसले होते.

"जेवलात ना, ताई?" त्यांनी विचारलं. "भरीत तिखट असतं आमच्याकडचं."

भाविकाने ब्रेक दाबले. "तुम्हाला काय माहीत भरीत होतं म्हणून?"

"काकांना गाडीत बसवलं आणि निघालो, तर इथे फक्कीवरून तुमचं चाक गेलेलं. पांढरी रेघ पार आतपर्यंत." त्यांनी गाडीवाटेकडे हात केला. "बागेपर्यंत आलो होतो मी. तुम्ही पंगतीत बसलेल्या दिसलात. म्हटलं, जेवणाऱ्याला काय उठवायचं. परत येऊन बसलो."

"तेजसला सांगितलंत?"

"त्याचा फोन आला होता. म्हटलं, शेवटची सायकल माझ्या नजरेत आहे, तू काळजी करू नकोस." त्यांना यात आपण काही वावगं केलं असं वाटत नव्हतं, आणि केलंही नव्हतं. त्या माणसाने नियम पाळला होता, उपाशी राहून पाळला होता.

भाविका सायकलीवरून उतरली आणि मटकन तिथेच धुळीत बसली. बागेत ती झोपली होती, पाय वर केला होता, ब्रर्र केलं होतं, ते त्यांनी बघितलं नव्हतं. पण ती तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांना म्हणून तेजसला, तेजसला म्हणून सगळ्या घोळक्याला. प्रश्न बघण्याचा नव्हताच, माहीत असण्याचा होता. तिला इतका राग आला की तो कुठे ठेवावा कळेना, आणि ती चक्क रडायला लागली. गनीभाई घाबरले. आधी त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, मग कोणी काही बोललं का विचारलं. शेवटी तिने सांगितलं. बाक, ठिपका, कापूस, सगळं. नवीनला जे कधी नीट सांगता आलं नव्हतं ते या पेट्या बनवणाऱ्या माणसाला ती भरभर सांगत गेली. ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी दाढी खाजवली.

"माझं उलटं आहे, ताई," ते म्हणाले. "मी शेवटचा. माझ्या मागे कोणीच नसतं."

हे तिला सुचलंच नव्हतं. ती रडायची थांबली. "मग कसं असतं ते?"

"एकदा नरडाण्याच्या अलीकडे मी नाल्यात पडलो. हे हाड मोडलं." त्यांनी गळ्याखाली बोट ठेवलं. "पुढचे सगळे निघून गेले. त्यांना वाटलं मी घरी गेलो, घरी बायकोला, खातूनला, वाटलं मी त्यांच्यात आहे. कोणाच्या हिशोबातच नाही मी. पडलोय नाल्यात, वरून बगळे जातायत."

"भीती वाटली?"

"खूप." ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नाही ना हे बघून म्हणाले, "आणि खरं सांगू? मग जराशी मजाच वाटली. हाड मोडलेलं, आणि मला मजा वाटतेय. खातूनला सांगितलं नाही हे. तिला काय वाटेल."

"मग?" भाविका पुढे सरकली.

"मग काय, थंडी वाजायला लागली. बोंबलायला लागलो."

दोघंही हसायला लागले, आणि बराच वेळ हसत राहिले. हसणं ओसरल्यावर भाविकाने मनातलं बोलून टाकलं. इथून धुळ्यापर्यंत तुम्ही पुढे व्हा. मी मागे राहते. गनीभाईंनी जीभ चावली, कानाला हात लावला. असं करून चालत नाही, आजवर कधी केलेलं नाही, तेजस काय म्हणेल, तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरच्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्या क्षणी जगात दुसरं काहीही नको होतं, आणि ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी अंगातलं भगभगीत पिवळं जाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"शेपूट आता तुम्ही," ते म्हणाले. "मग शेवटची सायकल माझी. मला सोडून पुढे जायचं नाही."

"आणि तुम्ही मागे बघायचं नाही."

"नाही बघणार. जबान दिली."

ते निघाले. ती थोडं अंतर पडू देऊन निघाली. जाकिटाला घामाचा आणि पत्र्याचा वास होता. आता किरकिर पुढे होती. गनीभाई कसे चालवतात हे ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. गुडघे बाहेर टाकून, डाव्या खांद्याने जरा वाकून. मोडलेलं हाड तेच. त्यांची मान सारखी वळायला बघत होती आणि ते ती दरवेळी आवरत होते, हे तिला मागून स्वच्छ दिसत होतं. खड्डा आला की सवयीने ते हात खाली करून दाखवत, मागच्याला कळावं म्हणून, आणि मग हात तसाच हवेत थोडा वेळ राही, जणू मागच्याने बघितलं की नाही हे कोणीतरी सांगेल. तिने घंटी वाजवली नाही. ती जास्त जास्त मागे राहत गेली. चढ आला. गनीभाई चढले, वर क्षणभर आभाळासमोर दिसले, आणि पलीकडे उतरले.

भाविका थांबली. मागे रस्ता, पुढे रस्ता, दोन्हीकडे कपाशीची काटकं, आणि सगळ्यावर संध्याकाळचं पिवळट ऊन. आता मात्र खरंच कोणाला माहीत नव्हतं. नवीनला ती धुळ्यात होती, तेजसला ती गनीभाईंच्या नजरेत होती, गनीभाईंना ती मागे होती, पण मागे म्हणजे कुठे, आहे की नाही, पडली की उभी आहे, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. पाठीमागच्या एवढ्या मोकळ्या जागेची तिला भीती वाटली. भीतीच्या पलीकडे काय आहे ते बघायला ती तशीच उभी राहिली, जितका वेळ राहता येईल तितका, आणि मग थंडी वाजायला लागली, तेव्हा ती चढ चढून वर आली.

खाली, उताराच्या मध्यावर, गनीभाई उभे होते. दोन्ही पाय जमिनीवर, तोंड धुळ्याकडे, पाठ तिच्याकडे. किती वेळ उभे होते कोण जाणे. मान अगदी ताठ होती. ते वळले नाहीत. समोरच्या मोकळ्या रस्त्याला उद्देशून, मोठ्याने, त्यांनी विचारलं, "ताई, आहात ना?"

किती वर्षांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं. ज्याला उत्तर खरोखर माहीत नाही अशा माणसाने, काळजीने. तो प्रश्न तिने हवेत राहू दिला. गनीभाईंचा खांदा जरा हलला, पण जबान दिली होती, मान वळली नाही.

"आहे," ती म्हणाली. इतक्या हळू, की तो शब्द फक्त तिलाच ऐकू आला.

"ताई?" आवाज या वेळी थोडा कापला.

"आहे, गनीभाई!" ती ओरडली. "आहे, आहे!"

त्यांनी न वळताच एक हात वर केला, खांदे सैल सोडले आणि पायडल मारलं. ती त्यांच्या मागोमाग उतार उतरू लागली.